हलक्या फवाऱ्याचं मशीन

पोपटरावांचं खरं नाव काय, ते गल्लीत कुणालाच ठाऊक नाही. तरुणपणी एका दुकानाच्या शटरला हिरवा रंग मारताना फवाऱ्याच्या गनचा डबा डोक्यावर उलटला, आणि हा गृहस्थ भर दुपारी नखशिखांत हिरवागार होऊन घरी चालत आला. तेव्हापासून पोपट. पुढे केस पिकले तेव्हा लोकांनी लाजेकाजेस्तव मागे ‘राव’ लावलं, एवढंच. त्यांच्या बायकोला मात्र सगळे पहिल्यापासून काकूच म्हणत, आणि हा मान त्यांनी अंगावर काहीही न सांडता मिळवला होता.

पोपटरावांचा धंदा फवाऱ्याने रंग मारण्याचा. सुतार दारं, कपाटं, टेबलं बनवून आणून टाकायचा आणि पोपटराव ती रंगवायचे. तेही राहत्या घरात. खाली रंगाची खोली, तिच्यातूनच वर जाणारा लाकडी जिना, वर स्वयंपाकाचा ओटा आणि झोपायची खोली, आणि त्याच्याही वर गच्ची. नवरा खाली, बायको वर, आणि मध्ये वर्षानुवर्षं रंगाचं धुकं. कॉम्प्रेसरची गन हवा अशी जोरात मारते, की निम्मा रंग दारावर बसतो आणि निम्मा दारावर आपटून परत फिरतो. तो जायचा कुठे? भिंतीवर, छतावर, जिन्यावर, पोपटरावांच्या भुवयांवर. काकू रोज सकाळी जिना पुसायच्या आणि फडक्याकडे बघून म्हणायच्या, “काल निळं काम होतं वाटतं.” मग दोघंही हसायची. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता विचारून उपयोग नाही.

मग काकूंना खोकला लागला. आधी सगळे म्हणाले, हवा बदलली असेल. मग म्हणाले, वय झालं. पण काकू जिना चढताना अर्ध्यावर बसायला लागल्या, तेव्हा पोपटरावांनी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी छातीचा फोटो काढून आणायला लावला, तो उजेडासमोर धरला, आणि मग पोपटरावांच्या नखांकडे बघून विचारलं, “हे काम घरात करता?”

“हो. पण मी तोंडाला मास्क लावतो.”

“तुम्ही लावता,” बाई म्हणाल्या. “फुफ्फुसं ह्यांची गेलीत. जेवढी खराब झाली तेवढी सुधारणार नाहीत. पण आणखी रंग आत जायला नको. एक तर तो फवारा घराबाहेर जाईल, नाहीतर ह्या. पुढच्या वेळी खोकला कमी दिसला तर ठीक. नाही दिसला तर तुमच्या मुलीला मी स्वतः फोन करणार.”

मुलगी लांबच्या शहरात राहायची. तिला फोन करायची गरजच पडली नाही, ती आधीच टपून बसली होती. “आईला मी घेऊन जाते. इथे खिडक्यांना दुहेरी काचा आहेत, धुळीचा कण येत नाही,” ती म्हणाली. त्यावर काकूंनी फोन हातात घेतला. “मी काय कपाट आहे का, उचललं आणि दुसऱ्या भिंतीला लावलं?” आणि फोन ठेवून टाकला.

पोपटरावांची मात्र झोप उडाली. बायकोवाचून राहायचं म्हणजे काय, हे त्यांना नुसतं मनात आणायलाही जमत नव्हतं. माणूस बायकोवर वैतागतो, तिला घाबरतो, तिच्या बडबडीला कान बंद करतो. आणि ती दोन दिवस घरात नसली तर चहाचा कप कुठे ठेवायचा तेही त्याला उमजत नाही. पोपटराव त्या जातीचे होते.

त्यांनी बाहेर जागा शोधली. रंगवाल्याला जागा देणार कोण? कुणी म्हणे आग लागेल, कुणी म्हणे वास येईल. एका पत्र्याच्या शेडवाल्याने हो म्हटलं, पण जवळ आल्यावर पोपटरावांच्या शर्टाचा वास घेतला आणि लगेच त्याला त्याचा भाऊ परगावाहून येणार असल्याचं आठवलं. “ब्रशने मारत जा मग,” असं सांगणारेही निघाले. ब्रशची रेघ दिसली की हल्ली गिऱ्हाईक दार परत पाठवतं, हे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

अशा अडल्या वेळी ते मशीन भेटलं. रंगाच्या दुकानात विक्रीवाला प्रयोग करून दाखवत होता. एक पेटी, आत टर्बाइन, आणि धूळ ओढणाऱ्या मशीनला असतो तसा जाड, वळणारा पाइप. फरक एवढाच, की ते मशीन ओढतं आणि हे फुंकतं. “हवा भरपूर, पण जोर कमी,” विक्रीवाला म्हणाला. “रंग आपटत नाही, अलगद बसतो. परत उडून येणारा रंग नावापुरता.” त्याने एका फळीमागे काळं कापड टांगलं आणि फळीवर पांढरा रंग मारला. पोपटराव पुढे झाले. त्यांनी कापड हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. काळं ते काळंच होतं. “आणि पाण्याचा रंग वापरलात तर वाससुद्धा नाही,” विक्रीवाला म्हणाला. पोपटरावांचे डोळे भरून आले, तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं की रंग डोळ्यात गेला, आणि तो पाणी आणायला धावला.

कॉम्प्रेसर त्यांनी त्याच आठवड्यात टायरवाल्याला देऊन टाकला. परतीची वाट नको म्हणून.

मशीन घरी आलं त्या दिवशी काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघत होत्या. सुतारही आला होता, असला मोका तो कधी चुकवत नाही. सोबतची पुस्तिका पोपटरावांनी न उघडताच बाजूला ठेवली. इतकी वर्षं गन धरलेल्या माणसाने पुस्तिका वाचायची? त्यांनी जुन्या अंदाजाने डब्यात रंग ओतला, थोडं पाणी घातलं, मशीन सुरू केलं. मशीन कानात शिट्टी घातल्यासारखं ओरडायला लागलं. पोपटरावांनी खटका दाबला. गन एकदा थुंकली, दोनदा शिंकली, आणि दाराच्या मधोमध एक लांबलचक ओघळ सोडून गप्प झाली.

“हे दार रंगवतंय की दाराला नाक आलंय?” सुतार म्हणाला.

पोपटरावांनी रागाने गन बाकावर ठेवली. आता ह्या मशीनची हवा खटका सोडला तरी चालूच राहते, हे त्यांना कुठे माहीत! गनचं तोंड नेमकं भुशाच्या ढिगाकडे होतं. क्षणात सगळा भुसा उडाला आणि ओल्या दारावर जाऊन बसला. सुतार हसता हसता खाली बसला. काकूही हसल्या, पण त्यांचं हसू लगेच खोकल्यात गेलं, आणि मग खोकलाच राहिला. पोपटरावांनी मशीन बंद केलं आणि पुस्तिका उघडली.

मग एकेक कळत गेलं. पेटीत एक छोटा कप होता, बुडाला भोक असलेला. तो फुटका निघाला म्हणून पोपटराव दुकानदाराशी भांडायलाच निघाले होते. त्यात रंग भरायचा आणि धार किती वेळ टिकते ते बघायचं, रंग पुरेसा पातळ झाला की नाही ते त्यावरून कळतं. जुनी गन हातभर लांब धरायची, ही जेमतेम वीतभर. मनगट फिरवायचं नाही, अख्खा हात सरळ न्यायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. सांगायला सोपं आहे. पण हाताला सवय वेगळीच, तो आपला मागे मागे जायचा. रंग हवेतच सुकायचा आणि दारावर संत्र्याची साल उमटायची. पोपटराव रिकाम्या गनने भिंतीसमोर हात इकडून तिकडे न्यायचा सराव करत, आणि काकू वरून ओरडत, “कोपर! कोपर पडलं!” त्यांनी ती पुस्तिका एका बैठकीत वाचून काढली होती.

हात बसला, पण दारावर रंग काही नीट बसेना. ओलं असताना काचेसारखं दिसायचं आणि सुकल्यावर हात फिरवला की कणी लागायची, साखर सांडल्यासारखी. थोड्या वेळाने पाइप हाताला चटका देण्याइतका तापायचा आणि हवा मंदावायची. पोपटरावांनी रंग बदलला, नोझल बदललं, सुताराने पॉलिश पेपर नीट मारला नाही म्हणून त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. शेवटी मशीनचा फिल्टर काढून पाहिला तर तो पिठात बुडवल्यासारखा पांढरा झालेला.

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. फवारा वर जाऊ नये म्हणून त्यांनी खोली गच्च बंद केली होती. खिडकीला चिकटपट्टी, जिन्याच्या दाराखाली ओलं फडकं. थोडा का होईना, रंगाचा धूर उडतोच, आणि त्याला जायला वाट नव्हती. तोच मशीन ओढत होतं, तोच पुन्हा दारावर पडत होता. खोलीत हवा खेळायलाच हवी होती. म्हणजे दार हवं असेल तर वाट मोकळी करायची, आणि बायको हवी असेल तर वाट बंद करायची. 

त्यांनी खिडकीत बाहेर हवा टाकणारा पंखा बसवून पाहिला. गल्ली अशी चिंचोळी, की समोरच्या शिंपीणबाई हात लांब करून ह्यांच्या खिडकीत कात्री ठेवू शकतील. तिसऱ्याच दिवशी त्या एक काळा कोट घेऊन दारात उभ्या राहिल्या. कोटाच्या पाठीवर पांढरी नक्षी उठली होती. “पोपटराव, माझ्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू? चांदणं पडलं म्हणू?” पंखा त्याच संध्याकाळी उतरला, आणि बाहेरची खिडकी पुन्हा बंद झाली.

“जिन्याचं दार उघडा,” काकू म्हणाल्या. “धूर जिन्यातून सरळ गच्चीत निघून जाईल. मी माझ्या खोलीचं दार लावून घेत जाईन.”

“आणि तुला त्रास झाला तर?”

“कसला त्रास? वास तरी येतो का त्या रंगाला?”

खरंच येत नव्हता. आयुष्यभर पोपटरावांनी धोका नाकाने ओळखला होता. थिनरचा वास आला की सावध व्हायचं, नाही आला की श्वास घ्यायचा. ह्या रंगाला वास नव्हता, आणि इतका मुरलेला माणूस नेमका तिथेच फसला. वास नाही म्हणजे काही नाही, असं त्यांनी धरून टाकलं.

जिन्याचं दार उघडलं आणि हवा कशी सरळ वर निघाली! पहिलं दार सुकल्यावर पोपटरावांनी त्यावरून गाल फिरवला. एक कण नाही. एक ओघळ नाही. रंगाचा प्रत्येक हात झाला की ते मशीन बंद करत, जिन्यात मान घालत आणि कान देत. वरून काही नाही. खोकला नाही, खाकरणं नाही, काही नाही. “बरी आहेस ना गं?” “बरी आहे हो!” काकूंचा आवाज यायचा, जरासा दमलेला, पण यायचा. एरवी जेवताना वगैरे खोकला असे, पण तो जुना, बसलेला. डॉक्टरीणबाईंनीच तर सांगितलं होतं, जुना सुधारणार नाही म्हणून. काम चालू असताना खोकला नाही, पोपटरावांना तेवढंच हवं होतं.

त्यांनी मुलीला आपणहून फोन लावला. “तुझ्या त्या दुहेरी काचा तुलाच लखलाभ! तुझी आई इथे ठणठणीत आहे.” फोन ठेवून ते आपल्याशीच गाणं गुणगुणायला लागले. सुताराने एका नव्या इमारतीची सगळी दारं त्यांच्याकडे आणून टाकली, सगळी पांढरी. पोपटराव वीस वर्षांनी लहान झाल्यासारखे कामाला लागले. माणसाला सुख झालं की तो किती आंधळा होतो, त्याला सीमा नाही.

एका सकाळी शिंपीणबाई सुईचा डबा हातात घेऊन त्यांच्या दाराशी आल्या. त्यांचं तोंड वाकडं होतं. “पोपटराव, राग मानू नका. तुमच्या घरातलं मी बोलू नये. पण त्या माउलीला रोज एवढ्या उन्हात गच्चीवर का बसवता? टाकीमागे एकट्या बसलेल्या असतात. मला वरच्या खिडकीतून दिसतं.”

“कोण? आमची ही? ती तर आपल्या खोलीत असते.”

शिंपीणबाई गच्चीकडे बोट दाखवून परत गेल्या.

पोपटराव खोलीत आले. मशीन सुरू केलं. रंग न भरता गन खुंटीला लटकवली आणि हवा तशीच वाहू दिली. मशीन ओरडत राहिलं. ते ओरडत असताना, अनवाणी, ते जिना चढले. काकूंच्या खोलीचं दार लावलेलं होतं. ढकललं तर आत कुणी नव्हतं. गच्चीचं दार उघडं होतं.

काकू टाकीच्या मागे, भिंतीला पाठ लावून, मांडीवरच्या उशीत तोंड खुपसून बसल्या होत्या. त्यांची अख्खी पाठ हलत होती, आणि आवाज जवळपास काहीच येत नव्हता. इतका जोराचा खोकला इतका दाबून कसा खोकता येतो, ते पोपटरावांना कळेना. त्या थोडं डोकं वर करायच्या, माशासारखा तोंड उघडून श्वास ओढायच्या, आणि पुन्हा उशीत. ओठ निळे झाले होते. पायांवर सावली पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं, आणि आधी घाबरल्या, मग गोंधळल्या.

“अहो... मशीन तर चालू आहे ना?”

पोपटराव खाली बसले. त्यांनी काकूंच्या हातातली उशी काढून घेतली आणि लहान मुलासारखे रडायला लागले. “का गं? असं का केलंस? मला सांगायचं होतंस!”

काकूंना बोलायला वेळ लागला. “दार चांगलं होत होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गात होतात. आणि मी सांगितलं असतं तर मला तिकडे पाठवलं असतं तुम्ही. मला नाही जायचं हो. मला तिकडे नाही मरायचं.”

डॉक्टरीणबाई ह्या वेळी ओरडल्या नाहीत, आणि पोपटरावांना त्याचीच भीती वाटली. त्यांनी नवा फोटो जुन्या फोटोशेजारी लावून दाखवला. पोपटरावांना त्यातलं काही कळलं नाही, पण पांढरं वाढलं होतं, एवढं रंगाऱ्याच्या डोळ्याला दिसलं.

“मी आजपासून काम बंद करतो,” ते म्हणाले. “मशीन विकून टाकतो. भिंती खरवडतो. सगळं घर धुऊन काढतो.”

“खरवडलंत तर तीच धूळ उडेल,” बाई म्हणाल्या. “त्या घराच्या प्रत्येक फटीत रंग आहे. ह्यांना आता तिथे परत नेऊ नका. काम बंद केलंत तरी नको.” मग त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि खिशातून रुमाल काढून स्वतःचा चष्मा पुसत बसल्या.

मुलगी आली आणि काकूंना घेऊन गेली. ती वडिलांना एक शब्दही वाईट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. पोपटराव म्हणाले, मीही येतो. पण तिच्याकडे जागा दोन खोल्यांची, माणसं पाच. शिवाय काकूंना आता नळीने हवा देणारं यंत्र लागणार होतं, औषधं लागणार होती, आणि त्यासाठी कुणीतरी हातपाय हलवायलाच हवे होते. “तिथे येऊन काय करणार तुम्ही?” गाडीत बसल्यावर काकू म्हणाल्या. “माझ्या तोंडाकडे बघत बसणार? सुताराची दारं राहिलीत. त्याला तोंडघशी पाडू नका.” गाडी निघाली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, कारण दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरली होती.

पोपटराव घरी आले आणि त्यांनी ती दारं रंगवली. आता कशाला काय बंद करायचं? जिन्याचं दार, खोलीचं दार, गच्चीचं दार, सगळं त्यांनी सताड उघडं टाकलं. हवा खालून वर अशी मोकळी वाहायची, की फिल्टर दिवसभर स्वच्छ राहायचा. उन्हात धरली तरी दारांवर बोट ठेवायला जागा नव्हती. सुतार आला, त्याने एका दारावरून उपडा हात फिरवला, आणि पहिल्यांदाच त्याला चेष्टा सुचली नाही. “पोपट्या, अरे, असं काम मी जन्मात पाहिलं नाही.” पोपटरावांनी त्याच्याकडे पाठ केली आणि गन धुवायला घेतली. किती तरी वेळ ते धुतच राहिले. सुतार न सांगता निघून गेला.

काकूंचा फोन रोज संध्याकाळी यायचा. त्या आता खोकला दाबत नसत. बोलण्यापेक्षा खोकणंच जास्त व्हायचं, आणि मागे त्या यंत्राचा फुसफुस आवाज. पोपटराव फोन कानाला लावून थांबायचे.

“आज कसं झालं दार?” एका संध्याकाळी काकूंनी विचारलं.

पोपटरावांसमोर ते दार उभं होतं. त्यात खोलीतला दिवा दिसत होता, आणि दिव्याखाली ते स्वतः.

“काही खरं नाही गं,” ते म्हणाले. “कणीच येते. तू गेल्यापासून एक दार धड झालं नाही.”

 मग काकूंच्या आवाजात जरा जोर आला. “फिल्टर धुतलात का? आणि वर माझ्या खोलीचं दार लावून ठेवलं असेल तुम्ही, मला माहीत आहे. ते उघडा. हवा अडते तिथे. एवढं साधं कळत नाही तुम्हाला?”

“उघडतो,” पोपटराव म्हणाले.

“आत्ता उघडा. मी थांबते.”

पोपटराव फोन हातात घेऊन जिना चढले आणि उघड्या दाराशी जाऊन उभे राहिले.

“उघडलं,” ते म्हणाले.